प्रश्नावली छापण्याआधी ठरवा, विश्लेषण कोणतं करणार

"तीनशे प्रश्नावल्या भरून आणल्यात, आता याला कोणती चाचणी लावू?" मराठवाड्यातल्या कुठल्याही संशोधन केंद्रात हा प्रश्न ऐकायला मिळतो, आणि तो नेहमी उशिरा आलेला असतो. चाचणी प्रश्नावली भरून झाल्यावर शोधायची नसते. प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराचं पुढे काय करणार, मोजणार की वाचणार, हे छपाईला देण्याआधीच ठरलेलं असावं लागतं.

सेट-नेटच्या पहिल्या पेपरसाठी आपण संशोधनाची वर्गवारी पाठ करतो. हेतूनुसार मूलभूत, उपयोजित, कृती संशोधन. पद्धतीनुसार ऐतिहासिक, सर्वेक्षण, प्रायोगिक. आणि माहितीच्या विश्लेषणानुसार संख्यात्मक, गुणात्मक, मिश्र. पहिल्या दोन वर्गवाऱ्यांवर आराखड्यात पानभर मजकूर असतो, तिसरी एका शब्दात उरकली जाते. प्रबंधाचं चौथं प्रकरण, म्हणजे विश्लेषणाचं, मात्र तिच्यावरच उभं राहतं किंवा कोसळतं.

एक गैरसमज आधी दूर करू. माहिती आकड्यांत आहे म्हणून संशोधन संख्यात्मक होत नाही आणि शब्दांत आहे म्हणून गुणात्मक होत नाही. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं गेलं. त्या महिन्यांतल्या बातम्या घ्या. किती बातम्यांत गावकऱ्याचं म्हणणं आलंय आणि किती बातम्यांत फक्त अधिकाऱ्याचं, हे मोजून दोन दैनिकांची तुलना केली, तर कच्चा माल शब्दांचा असूनही विश्लेषण संख्यात्मक झालं. उलट शाळेचं हजेरीपत्रक आकड्यांनी आणि खुणांनी भरलेलं असतं. पण ते कोण भरतं, रोज भरतं की शनिवारी एकदम, खाडाखोड कुठे आहे, कारखान्यावर गेलेल्या मुलाच्या नावापुढे काय शेरा आहे, असं वाचत गेलात तर तेच हजेरीपत्रक गुणात्मक दस्तऐवज होतं.

पुढे बहुतेक ठिकाणी एकच विषय उदाहरणाला घेऊ: बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा. दिवाळीच्या आसपास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळेचं वर्ष मधोमध तुटतं. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ गावीच राहतात, काही आईबापासोबत कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर, जातात.

मोजायचं असेल तर आधी एकक

संख्यात्मक विश्लेषण बिघडतं ते बहुतेक वेळा सूत्रात नाही, एककात. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर. "तुम्हाला किती उचल मिळाली?" हा प्रश्न नवरा आणि बायको दोघांनाही विचारलात तर एकच रक्कम दोनदा मोजली जाते. एकट्या मजुरानं अर्ध्या कोयत्याची रक्कम सांगितली तर तीही त्याच रकान्यात पडते. मग जी सरासरी येते ती ना माणसाची, ना कोयत्याची. म्हणून प्रश्नावलीत उचलीच्या प्रश्नाआधी "कोयता पूर्ण की अर्धा?" हा प्रश्न हवाच, आणि नोंदीची एक ओळ म्हणजे एक कोयता की एक मूल, हेही ठरवून टाका. एका घरातली तीन मुलं तीन ओळींत आली तर त्या घराची उचलही तीनदा येते.

शेतीच्या अभ्यासात हाच घोळ बॅगेचा होतो. "बॅगेला आठ क्विंटलचा उतारा पडला," असं शेतकरी सांगतो. सोयाबीनची ३० किलोची बॅग साधारण एकराला धरतात, पण प्रत्येक बॅग ३० किलोचीच असते असं नाही आणि प्रत्येकाचा पेरा सारखा दाट नसतो. बॅग किती किलोची, रान किती एकर किती गुंठे, माल किती क्विंटल, असे तीन प्रश्न वेगळे विचारा. भागाकार शेतकऱ्यावर सोडू नका, आपण करा.

वय विचारलं की लोक ४०, ४५, ५० असे गोल आकडे सांगतात. वयोगट ४०-४४, ४५-४९ असे पाडले तर गोल आकडा गटाच्या काठावर येतो आणि बऱ्याच जणांचा गट चुकतो. ३८-४२, ४३-४७ असे पाडले तर तो मधोमध बसतो. लातूर-धाराशिव भागात वयस्कर माणसाचं वय काढायला किल्लारीचा भूकंप उपयोगी पडतो. ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख पक्की आहे. तेव्हा लग्न झालं होतं का, थोरलं लेकरू किती वर्षांचं होतं, असं विचारलं की वय दोन-तीन वर्षांच्या आत येतं.

एक्सेलमध्ये नोंद करताना 'हो', 'होय' आणि 'हां' हे संगणकाला तीन वेगळे प्रकार दिसतात, म्हणून आकडी संकेत (कोड) द्या. कोरं उत्तर शून्य म्हणून भरू नका. शून्य हेही उत्तर आहे. 'उत्तर नाही' यासाठी ९९ हा संकेत ठरवला आणि तो सॉफ्टवेअरला सांगितलाच नाही, तर घरातल्या मुलांची सरासरी संख्या भलतीच निघते.

आता सरासरी. सात घरांची जमीन समजा २, ३, ३, ४, ५, ५ आणि ४० एकर आहे. मध्यमान ८.९ एकर, मध्यगा, म्हणजे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ४ एकर. सातांपैकी सहा घरांकडे ८.९ एकरांपेक्षा बरीच कमी जमीन आहे, तरी प्रबंधात "सरासरी ८.९ एकर" छापून येतं. जमीन, उत्पन्न, कर्ज, उचल या सगळ्यांत एक-दोन मोठे आकडे असतातच. तिथे मध्यगा द्या, सोबत पहिला आणि तिसरा चतुर्थक (क्रमानं पाव आणि पाऊण अंतरावरचे आकडे) द्या.

३८५ आणि त्याच्या अटी

न्यादर्श (अभ्यासासाठी निवडलेला नमुना) ३८५ का, असं तोंडी परीक्षेत विचारलं की "तक्त्यात होता" हे उत्तर येतं. आकडा असा निघतो: ९५ टक्के विश्वासपातळीसाठी १.९६, प्रमाण आधी माहीत नाही म्हणून ०.५, चालण्याजोगी चूक ५ टक्के. १.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४.१६, म्हणून ३८५. एकूण मुलंच ५०० असतील तर दुरुस्ती करून हा आकडा २१८ वर येतो.

पण हा हिशोब साध्या यादृच्छिक निवडीसाठी आहे. आपण प्रत्यक्षात २० गावं निवडतो आणि गावागणिक २० मुलं घेतो. एका गावची मुलं एकाच शाळेत जातात, त्यांचे आईबाप बहुधा त्याच दोन-तीन मुकादमांच्या टोळ्यांत असतात. ती एकमेकांसारखी असतात, म्हणून विसावं मूल पहिल्याइतकी नवी माहिती देत नाही. हे सारखेपण आकड्यात धरावं लागतं. ते समजा ०.०५ असेल, तर १ + (२० − १) × ०.०५ = १.९५ पट न्यादर्श हवा, म्हणजे ७५१. एवढं जमत नसेल तर गावं वाढवा आणि दर गावातली मुलं कमी करा. ४० गावांत दहा-दहा मुलं घेणं २० गावांत वीस-वीस घेण्यापेक्षा चांगलं. आणि ओळखीच्या शाळेत जाऊन ३८५ प्रश्नावल्या भरून घेतल्या तर तो सोयीचा न्यादर्शच राहतो. आकडा पुरा भरला म्हणून तो प्रातिनिधिक होत नाही.

काय-वर्ग चाचणी, जिचा सगळ्यात जास्त गैरवापर होतो

समजा गावच्या वसतिगृहात राहिलेली १०० मुलं आणि कोपीवर गेलेली १०० मुलं आहेत. हंगाम संपल्यावर शाळेत नियमित झाली ती पहिल्या गटात ७०, दुसऱ्यात ५०. दोन गोष्टींचा संबंध आहे का हे तपासणाऱ्या काय-वर्गाचं (chi-square) मूल्य येतं ८.३३. स्वाधीनता मात्रा १ असताना ०.०५ पातळीवर ३.८४ लागतात, म्हणजे फरक सार्थ आहे, निव्वळ योगायोगाचा वाटत नाही. आता दर गटात २० च मुलं घ्या: १४ आणि १०. टक्केवारी तीच, ७० आणि ५०. पण काय-वर्ग १.६७, 'फरक नाही' ही शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. चाचणीला टक्के कळत नाहीत, माणसं कळतात. म्हणूनच तक्त्यात मुलांच्या संख्येऐवजी टक्केवारी भरून काय-वर्ग काढणं ही घोडचूक आहे, आणि ती छापील प्रबंधांतही सापडते. एखाद्या चौकटीत अपेक्षित वारंवारता ५ पेक्षा कमी येत असेल तर फिशरची अचूक चाचणी वापरा किंवा अर्थपूर्ण असेल तरच दोन गट एकत्र करा.

सार्थ फरक म्हणजे मोठा फरक नव्हे. वरच्या उदाहरणात संबंधाची ताकद मोजणारा फाय गुणांक ०.२० येतो, म्हणजे संबंध आहे पण सौम्य. तोही लिहा.

आणि यानंतरचं वाक्य फार जपून लिहा. "वसतिगृहामुळे मुलं नियमित झाली," असं या तक्त्यावरून म्हणता येत नाही. वसतिगृहात कोणतं मूल राहिलं हे आपण चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. ज्यांच्या घरी धडधाकट आजी आहे, ज्यांना सांभाळायला धाकटं भावंड नाही, अशीच मुलं मागे राहिली असतील, आणि ती एरवीही नियमितच असती. आजी घरी आहे का, धाकटी भावंडं किती, आधीच्या वर्षी हजेरी किती, हे प्रश्न आधी विचारले असतील तरच हा गुंता सोडवता येतो. विश्लेषण आधी ठरवायचं ते याचसाठी.

चाळीस जोड-तक्ते काढून जिथे तारांकन (सार्थ असल्याची खूण) आलं तेवढेच छापायचे, हेही थांबायला हवं. प्रत्यक्षात कुठेच संबंध नसला तरी ०.०५ पातळीवर चाळिसांतल्या दोनेक चाचण्या निव्वळ योगायोगानं सार्थ येतात.

पंचबिंदू मापनश्रेणीबद्दल ('पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत', गुण १ ते ५) थोडक्यात. उलट अर्थाची विधानं असतील तर गुण ६ मधून वजा करून फिरवा. विश्वसनीयतेचा अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं माप) साधारण ०.७० च्या वर असावा. तो ऋण आला तर बहुतेक वेळा विधानं फिरवायची राहिलेली असतात. "माझ्या मुलाला शाळेत जायला आवडत नाही" या विधानाला 'असहमत' म्हणणं आपल्याकडच्या पालकांना अवघड जातं. 'नाही'वर 'नाही' येतं आणि उत्तर उलटं पडतं. नकारार्थी विधान टाळा, उलट अर्थ होकारार्थी शब्दांत मांडा.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा तिथल्या संलग्न महाविद्यालयांत शिकणाऱ्यांना हे सगळं जरा दूरचं वाटेल. तुमच्याकडे विश्लेषण आराखड्यातच ठरलेलं असतं: सहा उपचार, चार पुनरावृत्ती, २४ वाफे, त्रुटीची स्वाधीनता मात्रा १५, मग प्रसरण विश्लेषण आणि सी.डी. (दोन उपचारांत किमान किती फरक हवा तो आकडा). वाफे आखण्याआधीच चौथ्या प्रकरणातला तक्ता डोळ्यांसमोर असतो. सामाजिक शास्त्रांनी ही शिस्त कृषीकडून उचलायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

दुय्यम आकडे वापरणाऱ्यांसाठी एक स्थानिक खाचखळगा. जालना जिल्हा १ मे १९८१ ला, लातूर १६ ऑगस्ट १९८२ ला आणि हिंगोली १ मे १९९९ ला झाला. १९८१ च्या जनगणनेतला उस्मानाबाद आणि २०११ मधला उस्मानाबाद शेजारी ठेवून "लोकसंख्या घटली" असं लिहिणं म्हणजे लातूर विसरणं. तालुक्यांची बेरीज करून जुनी हद्द पुन्हा उभी करा. शिवाय छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं नव्या फायलींत आणि औरंगाबाद, उस्मानाबाद जुन्यांत, म्हणून दोन फायली नावावरून जोडल्या की ओळी गळतात. जोडणी जनगणनेच्या संकेतांकावरून करा, शाळांसाठी प्रत्येक शाळेला मिळालेल्या ११ आकडी यू-डायस क्रमांकावरून.

वाचायचं असेल तर ओळ न् ओळ

गुणात्मक विश्लेषण सोपं समजून निवडलं जातं, आकडेमोड टळते म्हणून. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाचं लेखन करायला चार ते सहा तास जातात, आणि काम तिथून सुरू होतं. लेखन युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण शोध घेतला की एकही शब्द सापडत नाही.

बोली शुद्ध करू नका. समजा एक आई म्हणते, "पोरीला गावाकडं ठिवावं तर जिवाला घोर, संगं न्यावं तर बारकं लेकरू तिच्याच कडंवर." याला 'शैक्षणिक समस्या' असा संकेत, म्हणजे आशयाचं छोटं नाव, दिला की सगळं संपलं. जवळचे संकेत असे: 'मुलीच्या सुरक्षिततेची काळजी', 'धाकट्याचा सांभाळ मुलीकडे', 'दोन्हीकडून अडचण'. अशा पन्नास-साठ संकेतांतून पुढे आशयसूत्र बांधायचं. आशयसूत्र म्हणजे शीर्षक नव्हे, ते विधान असतं. 'आर्थिक कारणे' हे शीर्षक झालं. 'मुलीची शाळा तिच्या अभ्यासावर नाही, घरातल्या सांभाळावर ठरते' हे आशयसूत्र. मुलाखतीतले प्रश्नच आशयसूत्रं म्हणून छापले असतील तर विश्लेषण झालेलंच नाही, नुसती वाटणी झाली.

संकेतपुस्तिका ठेवा. संकेताचं नाव, अर्थ, यात काय धरायचं, काय नाही, एक नमुना उतारा. दुसऱ्या कुणाकडून काही उतारे स्वतंत्रपणे संकेतित करून घ्या. समजा १०० उताऱ्यांवर ८० ठिकाणी जुळलं आणि दोघांनीही तो संकेत निम्म्या उताऱ्यांना दिला होता. मग निव्वळ योगायोगानंही ५० जुळले असते. योगायोग वगळून दोघांचं किती जुळलं हे सांगणारा कप्पा (kappa) येतो (०.८० − ०.५०) भागिले ०.५०, म्हणजे ०.६०. ऐंशी टक्के ऐकायला छान वाटतं, ०.६० अजून काम बाकी आहे असं सांगतो. जिथे जुळलं नाही ते वीस उतारे समोर घेऊन बसा, व्याख्या तिथेच सुधारते.

मुलाखती किती? एकसारख्या गटात बाराच्या आसपास मुलाखतींनंतर नवे संकेत फारसे निघत नाहीत, असं २००६ मधल्या एका अभ्यासात आढळलं आणि तेव्हापासून १२ हा आकडा सगळीकडे लावला जातो. त्यातला 'एकसारख्या गटात' हा भाग मात्र गळतो. चार आया, चार मुकादम, चार शिक्षक मिळून बारा होत नाहीत. ते तीन गट आहेत आणि प्रत्येक अपुरा आहे. बारांपैकी आठ जणी बोलल्या तर "६७ टक्के मातांच्या मते" असंही लिहू नका. आठ जणी म्हणा.

मुकादम शेजारी बसलेला असताना उचलीबद्दल घेतलेली मुलाखत मुकादमाची असते. ती टाकून देऊ नका, पण कोण हजर होतं हे लेखनाच्या वरच नोंदवा आणि वाचताना ते धरा. आपल्या आशयसूत्राला छेद देणारा माणूस मुद्दाम शोधा. कोपीवर जाऊनही शिकलेली मुलगी सापडली तर ती अडचण नाही, तिच्यामुळेच सूत्राची हद्द कळते.

इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी संकेतन मूळ मराठीवरच करावं आणि फक्त छापायचे उतारे शेवटी भाषांतरित करावेत. 'उचल'ला कर्ज म्हटलं की ती कामानं फेडायची असते हे जातं, आगाऊ मजुरी म्हटलं की अंगावर राहणारी बाकी जाते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांचं गुणात्मक काम वेगळ्या वाटेनं जातं. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीची आपल्या भागातली महसुली कागदपत्रं बरीचशी उर्दूत आहेत आणि सन फसली, म्हणजे महसुली वर्षाचा. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. आकड्यात ५९० मिळवायचे. मिती चुकली की कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते.

मिश्र म्हणजे शेवटी दोन मोकळे प्रश्न नव्हेत

प्रश्नावलीच्या शेवटी "आपल्या सूचना लिहा" एवढं छापून संशोधनाला मिश्र म्हणता येत नाही. एका प्रकारच्या विश्लेषणानं दुसऱ्याचं काहीतरी ठरवावं लागतं. आधी सर्वेक्षण करून मग मुलाखती, हा क्रम आपल्या विषयाला सगळ्यात बरा बसतो. सर्वेक्षणातून अपेक्षेविरुद्ध गेलेली मुलं निवडायची, म्हणजे कोपीवर जाऊनही नियमित राहिलेली आणि गावात राहूनही शाळा सुटलेली, आणि त्यांच्याच घरी मुलाखतीला जायचं. उलट क्रमात आधी मुलाखती घेऊन त्यातल्या शब्दांवरून प्रश्नावली बांधतात. कोयता, अर्धा कोयता असे पर्याय प्रश्नावलीत येतात ते त्यामुळेच. तिसरा मार्ग दोन्ही एकाच वेळी करण्याचा, आणि तो एकट्या विद्यार्थ्याला झेपत नाही.

इथे वेळापत्रक हाच खरा शत्रू. डिसेंबरात गावात सर्वेक्षण केलं तर मागे राहिलेलीच कुटुंबं भेटतात आणि स्थलांतराचा परिणाम दिसतच नाही. सर्वेक्षण जून ते सप्टेंबरमध्ये संपवा, दिवाळीपर्यंत त्याचं विश्लेषण हातात असू द्या, हंगामात उसाच्या फडावर जाऊन मुलाखती घ्या, परत आलेल्या मुलांची हजेरी एप्रिलमध्ये पाहा.

शेवटी दोन्ही निष्कर्ष एका तक्त्यात शेजारी मांडा: डावीकडे आकडा, मधे मुलाखतीतलं म्हणणं, उजवीकडे दोन्ही जुळतात की नाही. हजेरीपत्रकात मूल हजर आणि आईच्या सांगण्यात ते त्या महिन्यात सांगलीकडे, असं निघालं तर एक बाजू खोडू नका. दोन्ही नोंदी का वेगळ्या आहेत, तोच तुमच्या अभ्यासातला सगळ्यात मोलाचा परिच्छेद असू शकतो.

आराखडा देण्याआधी एक काम करा. चौथ्या प्रकरणातले सगळे तक्ते रिकामेच काढा, ओळींना आणि रकान्यांना नावं द्या, आकड्यांच्या जागा मोकळ्या ठेवा. मुलाखतींसाठी त्याच कागदावर लिहा की कोणता उतारा कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी वाचणार. मग प्रश्नावली शेजारी ठेवून एकेक प्रश्न तपासा. रेशनकार्डाचा रंग, घराचं छप्पर, टीव्ही आहे का, असे दहा-पंधरा प्रश्न कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत. ते काढून टाका. आणि आजीचा रकाना तक्त्यात आहे पण आजीबद्दलचा प्रश्नच प्रश्नावलीत नाही, हे त्याच दिवशी लक्षात येईल.